दखलपात्र म्हणजे अजामीनपात्र नव्हे

‘दखलपात्र गुन्हा दाखल झालाय, आता जामीन नाही.’ बातमीत, सोसायटीच्या ग्रुपवर, चहाच्या टपरीवर हे वाक्य इतकं सर्रास चालतं की खरंच वाटायला लागतं. त्यात दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांत कालवलेली आहेत.

एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, काय असते ते बहुतेकांना ठाऊक आहे. शेजाऱ्याने शिवीगाळ केली, थोबाडीत मारली, की ठाणे अंमलदार एनसी लिहून घेतो आणि ‘कोर्टात जा’ म्हणतो. त्यात टाळाटाळ असतेच असं नाही. साधी मारहाण (भारतीय न्याय संहिता, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांचा कायदा, कलम ११५(२)) अदखलपात्र आहे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास-अटक-जामिनाच्या कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपासच करता येत नाही. दखलपात्र गुन्ह्यात हे बंधन नाही: गुन्हा नोंदवायचा, तपास सुरू करायचा, वॉरंटशिवाय अटकही करता येते.

इथवर ठीक. घोळ पुढे आहे.

नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे गुन्ह्यांच्या तक्त्यात, सहा रकाने आहेत. चौथा सांगतो गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र, पाचवा सांगतो जामीनपात्र की अजामीनपात्र. चौथा रकाना पोलिसांबद्दल आहे: कोर्टाला न विचारता त्यांना हात घालता येतो का? पाचवा आरोपीबद्दल आहे: सुटका हा त्याचा हक्क, की कोर्टाने ठरवायची गोष्ट? एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढता येत नाही.

अपघाताचंच घ्या. निष्काळजीपणाने गाडी चालवून कुणाचा जीव गेला तर न्याय संहितेचं कलम १०६(१) लागतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. चौथ्या रकान्यात ‘दखलपात्र’, पाचव्यात ‘जामीनपात्र’. म्हणजे पोलिस चालकाला जागेवरून उचलू शकतात, पण त्याने जामीनदार उभा केला की ठाण्यातूनच सोडावं लागतं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४७८). संध्याकाळी तो घरी दिसतो आणि गावभर होतं, ‘पोलिसांनी पैसे खाऊन सोडलं.’ पैसे खाल्ले असतील-नसतील, सुटका मात्र कायद्यानेच झालेली असते. त्याच अपघातात सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लागलं की प्रकरण अजामीनपात्र होतं. म्हणून वकील आधी कलम कुठलं लागलंय ते विचारतात.

उलटंही असतं. खोटं आधार कार्ड बनवणं न्याय संहितेच्या कलम ३३७ मध्ये येतं: सात वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र, आणि तरी अदखलपात्र! प्रत्यक्षात सोबत बहुधा फसवणुकीचं ३१८(४) लागतं. एक जरी कलम दखलपात्र असलं तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरतात, त्यामुळे हा विचित्रपणा सहसा कुणाला दिसत नाही.

आता ‘अजामीनपात्र’ हा शब्द. इतका दिशाभूल करणारा शब्द कायद्याच्या मराठीत दुसरा नसेल. जामीन मिळतच नाही असा त्याचा अर्थ मुळीच नाही. तो मागावा लागतो आणि न्यायाधीश कारणं तोलून देतात किंवा नाकारतात, एवढंच. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांचे हात बरेच बांधलेले असतात, पण सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालयाचा रस्ता (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४८३) उघडा राहतो. दुसऱ्या टोकाला, घाबरून जामीनपात्र गुन्ह्यातही अटकपूर्व जामिनाला धावणारे आहेत. अटकपूर्व जामिनाचं कलम ४८२ अजामीनपात्र गुन्ह्यापुरतंच आहे. असा अर्ज टिकत नाही, फी तेवढी जाते.

‘अजामीनपात्र वॉरंट’ ही आणखी तिसरीच चीज. चेक न वटल्याचा खटला (पराक्राम्य संलेख अधिनियम, कलम १३८) जामीनपात्र आहे, तरी तारखांना दांडी मारत राहिलात तर कोर्ट असं वॉरंट काढतं. ते गैरहजेरीवरचं आहे, गुन्ह्याच्या प्रकारावरचं नाही.

दखलपात्र म्हणजे अटक ठरलेली, हेही चूक. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर राहायला सांगतात. ती नोटीस मात्र कपाटात टाकून विसरू नका, हजर न राहणं हेच अटकेचं कारण होऊ शकतं.

ठाण्यात नुसतं ‘कलम कुठलं?’ विचारून भागत नाही, पोटकलम आणि अनुसूचीतली नेमकी ओळ बघा. न्याय संहितेतलं चोरीचं ३०३(२) एरवी दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पण त्याच कलमाच्या परंतुकाला (‘पण’ लावून जोडलेल्या अपवादाला), म्हणजे ५,००० रुपयांच्या आतला ऐवज, पहिल्यांदाच दोषी ठरलेला माणूस आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली, अनुसूचीत स्वतंत्र ओळ आहे. शिक्षा समाजसेवा, चौथ्या रकान्यात अदखलपात्र, पाचव्यात जामीनपात्र.