शुगर टॅक्स म्हणजे नक्की कुठला, लिटरवरचा की साखरेवरचा?

"शुगर टॅक्स लावला की कोल्ड्रिंक महागतं, मग लोक कमी पितात." हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता लिहायलाच बसलो. लिटरवरच्या टॅक्ससाठी ते बरोबर आहे. मेक्सिकोनं 2014 पासून साखर घातलेल्या पेयांवर लिटरमागे 1 पेसो लावला, भाव साधारण 10 टक्के चढले, खरेदी घटली. हे माहितीच असतं सगळ्यांना, पुढे जाऊ.

घोळ होतो ब्रिटनपाशी. तिथली एप्रिल 2018 ची लेव्ही (म्हणजे तिथला शुगर टॅक्सच) पण लिटरमागेच भरायची, म्हणून लोक दोन्ही एकाच रांगेत बसवतात आणि तेच मला खटकतं. कारण तिथे दर ठरतो साखरेवरून. 100 मिलीत 5 ग्रॅमच्या आत साखर असेल तर काहीच नाही, 5 पासून 8 च्या आत असेल तर 2018 मध्ये लिटरला 18 पेन्स होते, 8 पासून पुढे 24 पेन्स. आता जरा कंपनीच्या जागी बसून बघा. मेक्सिकोत साखर 10 वरून 6 ग्रॅमवर आणली तरी टॅक्स तेवढाच, मग रेसिपीला हात लावायचा कशाला? ब्रिटनमध्ये 5.1 चं 4.9 केलं की अख्खी लेव्ही माफ! आणि घोषणा मार्च 2016 ची, वसुली दोन वर्षांनी, मधला वेळ रेसिपी बदलायलाच दिलेला. आयर्न-ब्रू या स्कॉटिश कोल्ड्रिंकनं लेव्ही सुरू व्हायच्या आधीच 100 मिलीतली साखर 10.3 वरून 4.7 ग्रॅम केली, म्हणजे 330 मिलीच्या कॅनमध्ये 34 ग्रॅमच्या जागी साधारण साडेपंधरा. जुन्या चवीवाले इतके चिडले की त्यांनी बाटल्या साठवून ठेवल्या. मूळ कोका-कोलानं मात्र रेसिपी तशीच ठेवली, त्यावर लेव्ही लागतेच.

त्यामुळे "ब्रिटनमध्ये लोक अजून कोल्ड्रिंक पितायत, टॅक्स फेल गेला" असं कोणी म्हटलं की डोकं फिरतं. अरे, तिथे बाटल्या नाही मोजायच्या, बाटलीतली साखर मोजायची! जो लेबल कधी वाचत नाही, आवडतं पेय सोडणार नाही, त्याच्याही पोटात कमी साखर जाते, म्हणून मला हाच प्रकार आवडतो.

फक्त 5 आणि 8 ग्रॅमसारख्या दराच्या पायऱ्या नकोत. 10 वरून 9 ग्रॅमवर आलेल्याला ब्रिटनमध्ये एक पेनीही सुटत नाही. दक्षिण आफ्रिकेनं 2018 मध्येच 100 मिलीत 4 ग्रॅमच्या वरच्या प्रत्येक ग्रॅमला 2.1 सेंट लावले, तिथे एकेक ग्रॅम कमी केल्याचे पैसे वाचतात.

ज्यूस, दूध वगैरेंच्या सवलती देशोदेशी वेगळ्या, त्यात शिरत नाही. पण अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात 2017 पासून औंसाला दीड सेंट आहे तो डाएट पेयांवरही आहे, साखर असो नसो. त्याला तरी कृपा करून शुगर टॅक्स म्हणू नका.