बर्ड रेस वेगळी, पक्षिगणना वेगळी

बर्ड रेसमध्ये एक कावळा दिसला की कावळ्याचं काम संपलं. गणनेत तिथून पुढे कामाला सुरुवात होते. किनारा तोच, दुर्बिणी त्याच, बऱ्याचदा माणसंही तीच, त्यामुळे बघणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. आयोजकही कधी कधी पत्रकावर ‘पक्षिगणना स्पर्धा’ असं छापून मोकळे होतात. असं काही नसतं. गणनेत स्पर्धा घातली की आकडे बिघडतात.

रेसमध्ये ठरलेल्या वेळात, म्हणजे पूर्ण 24 तासांत किंवा उजाडल्यापासून मावळेपर्यंत, गटाने जास्तीत जास्त जाती नोंदवायच्या असतात. दिसलेली चालते, नुसती ऐकलेलीही चालते. न्यू जर्सीत 1984 पासून दर मे महिन्यात होणारी ‘वर्ल्ड सीरिज ऑफ बर्डिंग’ हा याचा गाजलेला नमुना. लोक दर जातीमागे ठरावीक रक्कम कबूल करतात आणि गटाची यादी जितकी लांब, तितका निधी संवर्धनाला जातो. इस्रायलमध्ये एलातला 2014 साली अशीच रेस सुरू झाली आणि तिथला पैसा स्थलांतरी पक्ष्यांची बेकायदा शिकार रोखायला वापरतात. मुंबईत बर्ड रेस आली 2005 साली.

गणनेचा वारसा जुना आहे. अमेरिकेतली ख्रिसमस गणना 1900 मध्ये सुरू झाली. ती आजही 15 मैल, म्हणजे साधारण 24 किलोमीटर व्यासाच्या ठरलेल्या वर्तुळांत होते. आपल्या खाड्यांशी जास्त संबंध येतो तो आशियाई पाणपक्षी गणनेचा. ती 1987 पासून दर जानेवारीत होते. जागा तीच, महिना तोच, आणि प्रत्येक जातीपुढे आकडा. गेल्या वर्षी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत जे होते ते यंदा किती उरले, हे कळावं एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

फरक नीट कळतो तो कुरवांच्या, म्हणजे सीगलच्या, थव्यापाशी. हिवाळ्यात तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, दोन्ही कुरवांची डोकी पांढरीच असतात, कानामागे तेवढा एक काळपट ठिपका. बसलेले असताना लांबून फसायला होतं. उडाले की पंख बघावेत. तपकिरी डोक्याच्या प्रौढ पक्ष्याच्या पंखांची टोकं काळी आणि त्यात पांढरे डाग असतात. काळ्या डोक्याच्या पंखाची पुढची कड पांढरी पाचरीसारखी चमकते. रेसमध्ये गट थव्यातला एकेक पक्षी चाळून दोन्ही जाती पदरात पाडून घेतो आणि पुढे निघतो. ओळख पटली नाही तर ‘कुरव, जात अनिश्चित’ या नोंदीला शून्य गुण. गणनेत मात्र ‘कुरव, जात अनिश्चित, 400’ ही पूर्णपणे ग्राह्य नोंद आहे. अंदाजाने 400 पैकी 250 या जातीत आणि 150 त्या जातीत टाकणं चुकीचं. शंभर पक्षी नीट तपासून प्रमाण काढलं असेल, तर तसं शेऱ्यात लिहावं.

मोठा थवा मोजताना आधी वीस पक्षी एकेक करून मोजावेत, तेवढ्या वीसाने किती जागा व्यापली ते नजरेत धरावं आणि मग असे किती वीस बसतात ते पाहावं. थवा एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतो, म्हणून दाट भागासाठी वेगळा वीस घ्यायचा. नवखे लोक उडता थवा नेहमी कमीच मोजतात. दोघांनी स्वतंत्र मोजून मग आकडे जुळवावेत. आधी मोठ्याने आकडा सांगितला की दुसऱ्याचा अंदाज त्याच्याकडे ओढला जातो.

भरतीचं गणित दोन्हीकडे लागतं, पण कारणं वेगळी. कोकणातला जुना ठोकताळा सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास. रत्नागिरी-मालवणकडे भरती मुंबईपेक्षा आधी येते, म्हणून शेवटी त्या बंदराचा तक्ता बघावाच. ओहोटीला चिखले, तुतवार असे किनाऱ्यावरचे पक्षी चिखलावर दूरवर पांगतात, त्यात दुपारच्या उन्हात टेलिस्कोपमधली प्रतिमा थरथरते. पाणी चढलं की तेच पक्षी वाळूच्या उरलेल्या पट्ट्यावर दाटीने बसतात. गणनेला ही दाटी हवी, कारण सगळे एका ठिकाणी, स्थिर आणि एकदाच मोजले जातात. रेसवाल्याला पूर्ण भरतीच्या तास-दीड तास आधी पोहोचायचं असतं, तेव्हा पाणी पक्ष्यांना जवळ ढकलत असतं आणि पाय, चोच, रंग स्पष्ट दिसतात.

म्हणून रेसची तारीख भरतीवरून ठरवावी. अमावास्येच्या आगेमागे घेतली तर बेत छान बसतो: अंधारात देवराईत घुबडं आणि रातवे, उजाडता तिथेच तांबट, हळद्या, धनेश, ऊन चढताच सडा (कातळाचं पठार), माध्यान्हीला समुद्र, संध्याकाळी भातखाचरं आणि कांदळवन. अष्टमीला नेमक्या दुपारी ओहोटी लागते आणि किनाऱ्याचा वेळ वाया जातो. खाडी ओलांडायची असेल तर दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडल्याच्या फेरीबोटीची वेळ आधी विचारून घ्या. बोट चुकली की पलीकडच्या दहा जातीही हुकल्या. गणनेच्या गटाला हा त्रास नाही. त्याने एका जागेवरून हलायचंच नसतं.

नोंदीच्या ॲपमध्येही घोळ होतो. ईबर्डवर यादी पाठवताना ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का, असं विचारतात. फक्त नव्या जाती टिपत गेलेल्या रेसच्या यादीला ‘हो’ म्हणायचं नाही. तसं केलं तर त्या खाडीत त्या दिवशी बगळा नव्हता असा अर्थ निघतो, आणि बगळा तर सकाळीच आधीच्या थांब्यावर यादीत गेलेला असतो. गणनेत ‘नव्हता’ हीदेखील माहिती असते, रेसमध्ये ती नसते. दिवसभराची एकच यादी करण्यापेक्षा थांब्यागणिक वेगळी, वेळ आणि अंतर लिहून केलेली बरी.

गुणांचं भांडण टाळायला अमेरिकन बर्डिंग असोसिएशनचा नियम घ्यावा: किमान 95 टक्के जाती गटातल्या प्रत्येकाने पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या असाव्यात. मग एक पटाईत आणि तीन प्रवासी असा गट चालत नाही. रेकॉर्ड केलेली हाक वाजवणं, वाळूवर विसावलेला थवा उडवून बघणं आणि समुद्री गरुडाच्या घरट्याचा ठिकाणा जाहीर करणं या तिन्हींना थेट बाद करा.

आता पैसा. समजा, कुणी दर जातीमागे 20 रुपये कबूल केले आणि गटाला 130 जाती मिळाल्या, तर 2600 होतात. देणगीदाराकडून वरची मर्यादाही लिहून घ्यावी, नाहीतर निकाल ऐकून तो दचकतो आणि वसुली रखडते. पैसे नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच घ्यावेत, गटप्रमुखाच्या फोनवर नाही. आयकरातली देणगीवरची (80-जी) सवलत रोखीने 2000 रुपयांपेक्षा जास्त दिलेल्या देणगीला मिळत नाही, हे पत्रकावरच छापा. दुबईतल्या भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या काकांची देणगी मात्र एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते.

गणनेला दर पक्ष्यामागे पैसे लावू नयेत, दर जातीमागेही नाही. ज्याच्या आकड्यावर पैसा अवलंबून आहे त्याच्याकडून ‘यंदा निम्मेच आले’ हे वाक्य सहज निघत नाही, आणि गणना तर तेच वाक्य वेळेवर कळावं म्हणून असते. गणनेसाठी निधी हवा असेल तर तो प्रवास, टेलिस्कोप आणि होडीच्या भाड्यासाठी एकरकमी मागावा.