राणी मुंगीला जेवायला घालू नका

इंदूरला पहिला दमदार पाऊस झाला की रामबागेतल्या ओट्यांवर दिव्याखाली पंखवाल्या किड्यांचा खच पडतो. त्यातले बरेचसे वाळवीचे असतात: कंबर जाड, चारही पंख सारखे, मिशा सरळ. मुंगीची कंबर सुतासारखी बारीक, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या.

घरी मुंग्या पाळायच्या तर आधी राणी हवी. ती ओळखताना नुसत्या आकाराला फसू नका. थोराड डोक्याचे कामकरी मुंगळे हमखास राणी समजून पकडले जातात. डोकं सोडा, छाती पाहा. कामकऱ्याची चिंचोळी असते. राणीची फुगीर, कारण आत उडण्याचे स्नायू भरलेले असतात. छातीच्या बाजूंना पंख तुटल्याच्या खुणा दिसल्या तर शंकाच नको. मुंगीला पंख फुटले की मरण जवळ, असं म्हणतात. नरांपुरतं ते खरं आहे. राणी मात्र जमिनीवर उतरून आपले पंख स्वतःच मोडते. पंख तसेच असलेल्या राणीचं मिलन कदाचित झालेलंच नसतं. मग तिच्या अंड्यांतून निघाले तर नरच निघतात.

घर म्हणून 15 सेंमी लांब, 16 मिमी रुंद काचेची टेस्ट ट्यूब घ्या. तळाशी 5 सेंमी पाणी. कापसाचा घट्ट बोळा पेन्सिलीने पाण्याला टेकेपर्यंत दाबा. बोळा भिजला पण पाणी पाझरलं नाही, म्हणजे जमलं. सैल राहिला तर राणी बुडते. तिला आत सोडून तोंडाला कोरडा बोळा लावा आणि नळी अंधाऱ्या कपाटात आडवी ठेवा. फ्रिजवर नको, त्याची थरथर तिला जाणवते.

आता हात आवरा. मुंगळ्यांची राणी पहिल्या मुंग्या निघेपर्यंत काही खात नाही. उडण्याचे निरुपयोगी झालेले स्नायू आणि पोटातली चरबी जिरवून ती अळ्यांनाही भरवते. साखर ठेवलीत तर बुरशी येईल. रोज दिवा लावून डोकावलंत तर बिथरून ती स्वतःची अंडीच खाईल. आठवड्यातून एकदा, लाल कागदाआडून पाहणं पुरे. (ही न खाण्याची सवय सगळ्याच जातींची नाही, उड्या मारणाऱ्या मुंग्यांची राणी या काळातही शिकारीला बाहेर पडते.)

आधी पांढुरका पुंजका, मग अळ्या, मग पिवळसर रेशमी कोष. लोक बहुतेक वेळा या कोषांनाच अंडी म्हणतात. उबेत साधारण सहा आठवड्यांत पहिल्या कामकरी मुंग्या निघतात, अगदी किरकोळ अंगाच्या. तेव्हा टूथपिकच्या टोकाने साखरपाण्याचा थेंब आणि एखादा डास द्या. रॅकेटने मारलेला चालेल, स्प्रेने मारलेला नाही.

पाणी संपत आलं तर चिमट्याने कोणालाही उचलू नका. नवी नळी तोंडाला तोंड लावून चिकटवा, ती झाका आणि जुनीवर उजेड पाडा. पिल्लं तोंडात धरून त्या आपणहून हलतात. कधी तासाभरात, कधी चार दिवसांनी.