खांब एक्सरेत दिसतो, खिळे दिसत नाहीत

मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचं 'तुटलेला स्तंभ' हे स्वतःचंच चित्र बघितलं की नजर आधी खांबावरच जाते, आणि जाणारच, कारण तिचं शरीर हनुवटीपासून खाली उभं फाटलंय आणि आत पाठीच्या कण्याच्या जागी दगडी ग्रीक खांब आहे, ठिकठिकाणी तडे गेलेला. पण माझं म्हणणं असं की खांब राहू द्या जरा, आधी खिळे बघा.

फ्रिडाला लहानपणी पोलिओ झाला, त्यात उजवा पाय बारीक राहिला. मग १७ सप्टेंबर १९२५ ला मेक्सिको सिटीत तिच्या बसला ट्रामने धडक दिली, लोखंडी दांडा ओटीपोटातून आरपार गेला, कमरेचे मणके, बरगड्या, उजवा पाय सगळं मोडलं. वय १८. तिला डॉक्टर व्हायचं होतं, अभ्यास त्याच दिशेने चालू होता, त्यामुळे मणके कसे असतात हे माहीत नसल्याने खांब काढला असं अजिबात नाही. चित्र १९४४ चं, म्हणजे अपघाताला जवळपास १९ वर्षं झाल्यावर, पाठ इतकी बिघडली की स्टीलचा कॉर्सेट, म्हणजे धड धरून ठेवणारा घट्ट पट्टा, घालायची वेळ आली तेव्हाचं.

आता खिळे. ते कण्यापुरते नाहीयेत. चेहऱ्यावर, दंडांवर, छातीवर, पोटावर, आणि कमरेखाली पांढऱ्या कापडावर फक्त उजव्या पायाच्या बाजूने. मोडलंय एका ठिकाणी आणि दुखतंय अंगभर.

इजा आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इजेच्या जागेवरून संदेश मज्जारज्जूत येतात आणि तिथून मेंदूकडे जातात, पण ते सतत येत राहिले तर मज्जारज्जूतल्या चेतापेशीच जास्त संवेदनशील होऊन बसतात. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो ना, तसंच काहीसं. मग साधा स्पर्शही दुखतो, दुखरा भाग पसरत जातो, आणि जखम भरली तरी हे थांबेलच असं नाही. चेतासंस्थेचे संशोधक क्लिफर्ड वूल्फ यांनी हे प्रयोगातून दाखवलं १९८३ मध्ये, चित्रानंतर ३९ वर्षांनी! काही डॉक्टरांनी फ्रिडाला फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, असावा असंही सुचवलंय. मला चित्रावरून निदान करणं पटत नाही, पण खिळ्यांचा तो पसारा त्यांना का खटकला असेल ते कळतं.

कॉर्सेटचे पांढरे पट्टे शरीर धरून ठेवतायत, आधार म्हणून ठीक, पण असा पट्टा फार काळ वापरला तर पाठीचे स्नायू कमजोर होण्याची भीती असते, आणि आज पाठदुखीला शक्यतो हालचाल चालू ठेवा असं सांगतात.

आणि चेहरा. गालांवर अश्रू आहेत पण तोंड वेडंवाकडं नाही, नजर सरळ आपल्याकडे. याला लोक धीर म्हणतात, आहेच तो. पण वर्षानुवर्षं दुखणं सोसणाऱ्यांचा चेहरा बऱ्याचदा असाच दिसतो, कारण चोवीस तास विव्हळत कोणी जगू शकत नाही, आणि म्हणूनच रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात 'तुला काही झालेलं नाही', आणि त्या माणसाला दुखण्यापेक्षा ते जास्त लागतं. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला तिच्या मणक्यांचं मोठं ऑपरेशन झालं, हाड बसवलं, धातूची पट्टी बसवली. दुखणं मात्र गेलं नाही, आणि तिचं चित्र काढणंही थांबलं नाही.