ब्रेक दाबल्यावरची थरथर आणि वेगातली थरथर: दोष डिस्कचा की बॅलन्सिंगचा?

गाडी ऐंशी-नव्वदला पोचली आणि स्टिअरिंग थरथरलं की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल सारखा, करून घे. माझ्या मावसभावाने ते दोनदा करून घेतलं, मग पुढचे दोन टायरही बदलले. तरी गोव्यात पत्रादेवीहून म्हापशाकडे येताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात नाचायचं ते नाचायचंच. टायर बिचारे ठणठणीत होते, दोष ब्रेकच्या डिस्कमध्ये होता, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या त्या धातूच्या थाळीत, जिला ब्रेक दाबल्यावर पॅड दोन्हीकडून आवळतात.

हाताला दोन्ही थरथरी सारख्याच लागतात, म्हणून फसायला होतं. विचारायचा प्रश्न एकच: पाय ब्रेकवर असताना हलते की नसतानाही?

बॅलन्सिंगची थरथर वेगाला बांधलेली असते. साठपर्यंत काही कळत नाही, ८० ते ११० च्या दरम्यान स्टिअरिंग गुणगुणायला लागतं. ब्रेकला हात लावू नका, गाडी न्यूट्रलला टाका, थरथर चालूच राहते. चाकाच्या एका बाजूला काही ग्रॅम वजन जास्त झालं तरी पुरतं. लहान गाडीचं चाक ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला सुमारे बारा फेरे घेतं आणि वेग दुप्पट झाला की त्या जादा वजनाचा ओढा चौपट होतो. रिमला ठोकलेलं शिशाचं वजन पडलेलं असतं, खड्ड्यात रिम वाकलेली असते किंवा टायरला फुगा आलेला असतो. फुगा दिसला तर बॅलन्सिंगच्या नादी लागू नका, टायर बदला.

आपल्या सत्तरी-डिचोलीकडे आणखी एक कारण हमखास सापडतं: तांबडी माती. पावसात ती रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि उन्हाने कडक वाळते. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं. म्हणून दुकानात जाण्याआधी चाकांच्या आतून पाण्याचा जोरदार फवारा मारून घ्या. कितीतरी गाड्यांची थरथर तेवढ्यानेच जाते.

डिस्कची थरथर पायाला बांधलेली असते. नव्वदला गाडी लोण्यासारखी जाते, हलका ब्रेक लावला की हादरे सुरू होतात आणि गाडी मंदावेल तसे तेही मंदावत जातात. स्टिअरिंग हललं तर बहुधा पुढच्या डिस्क, सीट आणि फरशी हलली तर मागची चाकं. पॅडल तळपायाला वरखाली ढकलत असेल तर शंका जवळजवळ मिटली. (निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पॅडल खडखडतं ते एबीएसचं, म्हणजे चाक अडकून घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं काम. ते बिघाड नव्हे, तेव्हा पाय उचलायचा नाही.)

'डिस्क वाकली' असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरचा पन्नासावा भागही फरक पडला तरी पायाला कळतो. चोर्ला घाट उतरून केरीला येईपर्यंत ब्रेक दाबूनच धरला आणि तापलेल्या डिस्कवर तसाच पाय रोवून थांबलात, तर पॅडचा थर त्या जागी चिकटतो. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा, ब्रेक दाबा-सोडा असा लावा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचंही तेच: पॅडखालचा पट्टा वेगळा गंजतो. मावसभाऊ शिपवर असतो, त्याची गाडी चार महिने शेडमध्ये उभी होती. रात्रीच्या पावसानंतर सकाळी डिस्कवर दिसणारा पातळ गंज मात्र वेगळा, तो तीन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो.

मावसभावाने अखेर नव्या डिस्क टाकल्या. पहिले दोन महिने गाडी सुरेख चालली आणि मग थरथर परत आली. 'माल डुप्लिकेट असेल,' असं त्याला सांगण्यात आलं. डिचोलीतल्या एका मिस्त्रीने चाक आणि डिस्क उतरवली आणि मला बोलावून हब, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग, दाखवला. डिस्क ज्या सपाट तोंडावर बसते तिथे गंजाचे पापुद्रे होते, नखाने सुटतील इतके जाड. त्यावर बसलेली नवी डिस्क किंचित तिरकी फिरत होती. अशी डिस्क लगेच थरथरत नाही. पाय ब्रेकवर नसतानाही तिची एक बाजू दर फेऱ्याला पॅडला घासून जाते, तिथे झिजते, आणि काही हजार किलोमीटरनंतर जाडीतला फरक पायाला जाणवू लागतो. खाऱ्या, दमट हवेत हे सतत घडतं, आणि हब न घासता डिस्क बदलणं हीच चूक मला सगळ्यात जास्त वेळा दिसते.

म्हणून काम देताना समोर उभे राहा. हब तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासायला लावा. डिस्क बसवल्यावर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं सुईचं मापक) लावून तिचा डोल मोजायला सांगा, ०.०५ मिलिमीटरच्या वर गेला तर पुन्हा उतरवून बघायला हवं. पॅड आवळणाऱ्या कॅलिपरच्या पिना हाताने सहज सरकतात का पाहा. डिस्क आणि पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. जुनी डिस्क लेथवर मारून, म्हणजे कातून सपाट करून, घ्यायची असेल, तर तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जाता कामा नये. चाकाचे नट एअर गनने करकचून नकोत. ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने, समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळायचे.

बॅलन्सिंग चार दिवस थांबलं तर चालेल. ब्रेकची थरथर असताना घाट चढू नका, कारण उतरायचंही त्याच ब्रेकवर आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल, जळका वास येत असेल किंवा पॅडल मऊ पडलं असेल तर ती तिथेच उभी करा.

मावसभावाच्या डिस्क अजून जाड होत्या, म्हणून हब घासून त्याच डिस्क लेथवर सारख्या करून बसवल्या, पॅड नवे टाकले. मग मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा बेताने ब्रेक लावून नवे पॅड डिस्कशी जुळवून घेतले, आणि मधे-मधे गाडी तशीच पळवून डिस्क थंड होऊ दिल्या. त्यानंतर दोन पावसाळे झाले, स्टिअरिंग शांत आहे.