एनआरईतून टाकलेले पैसे एनआरईत का परत येत नाहीत? रिपॅट्रिएबल आणि नॉन-रिपॅट्रिएबलचा घोळ

आमचा चुलतभाऊ, म्हणजे दादा, मस्कतला एसी दुरुस्तीचं दुकान चालवतो. इकडे वेंगुर्ल्याला धाकट्याने काजू फॅक्टरीची प्रायव्हेट लिमिटेड काढली तेव्हा दादाने एनआरई खात्यातून (बाहेरच्या कमाईचं इथलं बँक खातं) पैसे टाकून शेअर घेतले. काही वर्षांनी तेच शेअर धाकट्याला विकले आणि बँकेने सांगितलं की पैसे एनआरओतच (इथल्या कमाईचं खातं) जमा होणार. दादा फोनवर तापला, "अरे रियाल मी पाठवले, एनआरईत आले, एनआरईतून गेले, मग परत एनआरईत का नाय?"

चूक त्याची एकट्याची नाही, बहुतेक लोक खात्याचा प्रकार आणि गुंतवणुकीचा प्रकार एकच समजतात.

खात्याचं सोपं आहे. एनआरईत बाहेरची कमाई येते, व्याजावर इथे टॅक्स नाही, पैसे हवे तेव्हा परत नेता येतात. एनआरओत इथलं भाडं, पेन्शन वगैरे जमा होतं, व्याजावर टीडीएस कापला जातो आणि त्यातली शिल्लक एका आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंतच बाहेर जाते, तीही टॅक्स भरल्याचे कागद आणि सीएचं सर्टिफिकेट देऊन.

पण कंपनीत पैसे टाकताना खात्यापेक्षा कागदावर काय लिहून दिलंय ते महत्त्वाचं. रिपॅट्रिएशन बेसिसवर, म्हणजे पैसे परत बाहेर नेण्याच्या हक्काने, टाकले तर तुम्ही सरकारच्या हिशोबात परदेशी गुंतवणूकदार, म्हणजे एफडीआय (थेट परदेशी गुंतवणूक). मग त्या धंद्यात परदेशी पैशाला किती टक्के मुभा आहे ते बघा, शेअरची किंमत व्हॅल्युएशन करून ठरवा, अलॉटमेंटनंतर 30 दिवसांत एफसी-जीपीआर फॉर्म (शेअर दिल्याची रिझर्व्ह बँकेला माहिती) भरा, उशीर झाला तर लेट फी. चार माणसांच्या घरगुती फॅक्टरीला हे सगळं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. बदल्यात विक्रीचे पैसे टॅक्स कापून सरळ बाहेर नेता येतात.

नॉन-रिपॅट्रिएशनवर, म्हणजे तो हक्क न घेता, टाकले तर यातलं जवळजवळ काहीच नाही. मे 2015 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवलं की एनआरआय (बाहेर राहणारे भारतीय नागरिक) आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेले भारतीय वंशाचे) लोकांची अशी गुंतवणूक देशातल्याच माणसाची धरायची, म्हणजे दादाचे पैसे आणि वेंगुर्ल्यातल्या शेजाऱ्याचे पैसे सारखेच, एफडीआयच्या मर्यादेत मोजायचे नाहीत. आता हे फेमा या परकी चलनाच्या कायद्याखालच्या 2019 च्या नियमांत शेड्युल 4 मध्ये आहे. सरकारला हे परवडतं कारण विक्रीचे पैसे एनआरओच्या दाराशी अडतात, एकदम डॉलर होऊन बाहेर पळत नाहीत. आणि शेड्युल 4 मध्ये स्पष्ट लिहिलंय की पैसे कुठल्याही खात्यातून आले असोत, विक्रीची रक्कम एनआरओतच जाणार. दादाचे शेअर याच प्रकारातले, त्याच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. डिव्हिडंडची गोष्ट वेगळी, ते चालू उत्पन्न, टॅक्स भरून बाहेर नेता येतं.

माझं मत विचाराल तर 9 जानेवारीच्या प्रवासी भारतीय दिवसाची भाषणं एकीकडे आणि हा एक नियम एकीकडे, छोट्या धंदेवाल्याला खरा उपयोग याचाच. बाहेर राहून इथे प्रोप्रायटरी धंद्यात किंवा भागीदारीत पैसे घालायचे तरी ते याच वाटेने, नॉन-रिपॅट्रिएशनवरच.

मोकळीक आहे पण सगळीकडे नाही. शेती, बागायत, जमिनी घेऊन विकायचा धंदा, फार्महाऊस बांधणं, निधी कंपनी (फक्त सभासदांतच ठेवी-कर्ज करणारी), हे शेड्युल 4 मध्येही बंद. त्यामुळे काजू फोडायची फॅक्टरी चालते, काजूची बाग चालत नाही, आणि कोकणात हे दोन्ही एकाच कुटुंबाचे असतात तेव्हा एकाच कंपनीत दोन्ही घालू नका, आधी सीएला विचारा. (वारसाने आलेली बाग ठेवता येते, विकत घेता येत नाही.)

आणखी एक, फेमातला एनआरआय आणि इन्कम टॅक्समधला एनआरआय वेगवेगळे मोजतात, 182 दिवसांचा आकडा दोन्हीकडे दिसतो म्हणून एक समजू नका.

दादाचे पैसे शेवटी एनआरओतच पडले, रक्कम काही 10 लाख डॉलरच्या जवळपासची नव्हती, त्यामुळे कागद गोळा करून तो ते मस्कतला नेऊ शकला असता. पण त्याने नेले नाहीत, घराचं छप्पर त्यातूनच झालं. आता धाकटा दुसऱ्या मशीनसाठी पैसे मागतोय आणि दादा विचारतोय, "फॉर्मवर काय लिवलंस ते आधी फोटो काढून पाठव."