नवा पीसी क्रॅश होतोय? आधी रॅमचा स्पीड उतरवा

पार्ट एकेक करून निवडले, मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानं पालथी घातली किंवा ऑनलाइन सेलची वाट बघितली, पीसी जुळवला, विंडोज टाकलं, गेम उतरवला आणि अर्ध्या तासात निळा स्क्रीन. परत चालू केलं तर संध्याकाळभर काहीच नाही, मग नुसतं यूट्यूब लावलेलं असताना रिस्टार्ट. बहुतेक जण अशा वेळी स्क्रीनवरचं एररचं नाव शोधायला बसतात आणि तिथेच चकवा लागतो, कारण क्रॅश दिसला ती जागा आणि बिघाड आहे ती जागा बऱ्याचदा वेगळी असते.

निळा स्क्रीन (विंडोज ११ च्या नव्या अपडेटनंतर तो काळा झालाय) म्हणजे विंडोज कोसळलं असं नसतं, ते मुद्दाम थांबलेलं असतं. कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, असं काहीतरी दिसतं जे कधी व्हायलाच नको, उदाहरणार्थ एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्राम) भलत्याच पत्त्यावरचा डेटा मागतोय, आणि असंच पुढे रेटलं तर फाइलींची वाट लागेल म्हणून ते सगळं जागच्या जागी बंद करतं आणि नोंद डंप फाइलमध्ये टाकतं. आता तो ड्रायव्हर खरंच गंडलेला असेल किंवा त्याला रॅममधून मिळालेला पत्ताच चुकलेला असेल. विंडोजला यातलं काही ठरवता येत नाही, पकडला तो चोर. त्यामुळे आज ग्राफिक्सचा ड्रायव्हर, उद्या नेटवर्कचा, परवा ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे दर वेळी वेगळे एरर येत असतील तर संशय हार्डवेअरवर घ्यायचा, आणि दर वेळी एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर आधी तो बदलून बघायचा.

हार्डवेअरमध्ये सगळ्यात आधी रॅम, आणि याला कारण आहे. रॅममधला एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, साठवतो एक अतिसूक्ष्म कपॅसिटर (चार्ज धरून ठेवणारा भाग) आणि त्याला जोडलेला एक ट्रान्झिस्टर, आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची ही कल्पना, पेटंट १९६८ चं. १६ जीबीमध्ये असे साधारण १३,७०० कोटी कपॅसिटर बसतात आणि त्यांच्यातला चार्ज सतत गळत असतो, म्हणून डीडीआर४ मध्ये (डीडीआर५ च्या आधीची रॅमची पिढी) प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत परत भरावी लागते, रात्रंदिवस. यातला एखादा बिट फोटोच्या डेटात उलटला तर एका ठिपक्याचा रंग बदलेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. तोच बिट प्रोग्रामच्या पत्त्यात उलटला की खेळ खल्लास. एकच बिघाड कधी दोन तास गप्प बसतो आणि कधी पाच मिनिटांत पीसी पाडतो तो यामुळेच, सगळं तो बिट त्या वेळी कोणाच्या ताब्यात आहे त्यावर.

अशी चर्चा निघाली की कोणीतरी अंतराळातून येणाऱ्या किरणांचं नाव काढतंच. किरणांनी बिट उलटतो हे खरंय, पण गुगलच्या सर्व्हरवरचा २००९ साली आलेला मोठा अभ्यास सांगतो की तिथल्या रॅमच्या एररमध्ये अशा योगायोगांपेक्षा हार्डवेअरच्या कायमच्या दोषांचा वाटा मोठा होता. तेव्हा आठवड्यातून चारदा क्रॅश होत असेल तर आकाशाकडे बघू नका, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये बघा.

बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचं प्रोफाइल असतं, म्हणजे रॅम जास्त वेगात चालवायची तयार सेटिंग. खोक्यावर ‘६०००’ छापलेली डीडीआर५ रॅम प्रोफाइल न लावता सहसा ४८०० वर आणि १.१ व्होल्टवर चालते. प्रोफाइल चालू केलं की ६००० आणि बऱ्याच किटमध्ये १.३५ व्होल्ट. यूट्यूबवरचे सगळे सांगतात की हे लगेच चालू करा नाहीतर पैसे वाया, आणि ते अगदीच चूक नाही, पण हे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त पळवणं, आहे एवढं ते पटकन बोलून पुढे जातात. रायझन ७००० प्रोसेसरसाठी एएमडीचा अधिकृत आकडा रॅमच्या दोन काड्यांवर ५२०० आहे आणि चार काड्या लावल्या तर फक्त ३६००! दोन किट घेऊन चारही स्लॉट भरायचे आणि वर ६००० मागायचं म्हणजे अधिकृत मर्यादेच्या जवळजवळ पावणेदोन पट झालं. ६००० च्या वेगात एका बिटाला तारेवर मिळणारा वेळ नॅनोसेकंदाचा सहावा भाग, तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ५ सेंटिमीटर जातो. डीडीआर५ च्या चिपमध्ये एरर दुरुस्त करायची सोय असते हे बरोबर, पण ती चिपच्या आतल्या बिटांपुरती, प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत जे बिघडलं ते तिला दिसत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, प्रोफाइल बंद करायचं आणि दोन-तीन दिवस तसाच वापरायचा. क्रॅश थांबले तर प्रोफाइल परत लावून स्पीड एक-दोन पायऱ्या खाली आणायचा, ६००० आणि ५६०० मधला फरक बहुतेक गेममध्ये तुम्हाला जाणवणार पण नाही. थांबले नाहीत तर पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ टाकायचं, फुकट आहे, आणि रात्रभर चालू ठेवायचं. एक एरर आला तरी नापास, ‘एकच तर आलाय’ हे इथे चालत नाही. मग एकेक काडी एकाच स्लॉटमध्ये घालून तपासायची, एरर काडीबरोबर फिरला तर काडी खराब आणि स्लॉटलाच चिकटून राहिला तर मदरबोर्ड, प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन, किंवा कधी कधी नुसता कूलर एका बाजूने जास्त आवळलेला. हो, स्क्रूमुळे रॅम गंडते. आणि एएम५ (रायझन ७००० चं सॉकेट) बोर्डावर रॅम बदलल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळाच राहू शकतो, तेव्हा बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबू नका.

निळा स्क्रीन दिसायच्या आधीच पीसी फटकन बंद होत असेल, लाइट गेल्यासारखा, तर गोष्ट वेगळी. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं आणि लोक लगेच पॉवर सप्लाय बदलतात, पण त्या नोंदीचा अर्थ ‘मागच्या वेळी नीट बंद झाला नव्हता’ इतकाच. मोठं ग्राफिक्स कार्ड क्षणभर त्याच्या नेहमीच्या वॅटपेक्षा खूप जास्त ओढतं, तेव्हा एकाच केबलच्या दोन तोंडांऐवजी दोन वेगळ्या केबल लावून बघा. आपल्याकडचा खास त्रास म्हणजे स्वस्त यूपीएस, त्याच्या विजेची वेव्ह चौकोनी असते आणि लाइट गेल्यावर काही चांगले पॉवर सप्लायसुद्धा ती नाकारतात, पीसी थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावला की कळतं. नुसत्या तापण्यामुळे क्रॅश होणं मात्र तसं विरळाच, प्रोसेसर आधी वेग कमी करतो, अर्थात कूलरखालचं प्लास्टिक काढायचं राहिलं नसेल तर.

आणि इंटेलचे १३व्या, १४व्या पिढीतले वरचे प्रोसेसर असतील तर बायोस अपडेट आधी करा. त्यांना चुकून जास्त व्होल्टेज मिळत होतं, ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट आले आणि वॉरंटीसुद्धा दोन वर्षांनी वाढवली गेली. गंमत म्हणजे गेममध्ये एरर यायचा ‘व्हिडिओ मेमरी संपली’, आणि ग्राफिक्स कार्डात काहीच दोष नसायचा.

रॅमच निघाली तर मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो काढून ठेवा, दुकानात काडी लावून ‘चालतेय की’ असंच उत्तर मिळतं. आणि खराब एकच असली तरी किटमधल्या दोन्ही काड्या घेऊन जा, जोडीने विकलेल्या सहसा जोडीनेच बदलून देतात.